पलीकडची सांगलीकरीण

या या, अहो किती महिन्यांनी! पुण्याला लेकाकडे गेलात त्या गेलातच. गॅसवर काही असेल तर आधी बंद करून या, कारण एकदा मी सांगायला लागले की मला धरबंध नसतो, आणि मागं तुमची आमटी करपली ती माझ्यामुळं असं तुमच्या ह्यांनी अख्ख्या शाहूपुरीला सांगितलंय. हं, तो स्टूल घ्या. भिंतीला टेकू नका मात्र, रंग ओला आहे.

तर पलीकडच्या घरात बाळ आलं. मुलगी. ऑगस्टातली, आता चौथा महिना लागला. पेढे वाटले हो, आपल्या मोती चौकातले कंदी. समोरच्या वहिनींनी डबा उघडला आणि दारातच म्हणाल्या, ‘मुलगी ना? मग जिलबी नको का?’ मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलबी नाहीतर बर्फी, हे कुणी ठरवलं देव जाणे. साताऱ्यात राहायचं आणि कंदी पेढ्याला कारण विचारायचं! मुलीचा बाप बरा आहे तसा. शांतपणे म्हणाला, ‘काकू, गोड लागला ना?’ वहिनींनी दुसरा उचलला.

आता तुम्ही म्हणाल, सून सांगलीची, पहिलं बाळंतपण, मग माहेरी का नाही गेली? मीही तेच विचारलं. तर तारीख ऑगस्टची आणि माहेर नदीपासून हाकेच्या अंतरावर. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४५ फूट. यांच्या घरात छातीएवढं पाणी. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून पाऊस वाढला की तिची आई कागदपत्रं पिशवीत भरून माळ्यावर टाकते. ओल्या बाळंतिणीला होडीतून काढायची वेळ नको, म्हणून दोन्हीकडच्यांनी बसून ठरवलं, बाळंतपण साताऱ्यातच. मी तिच्या आईला म्हटलं, ‘कोयनेचं धरण आमच्याकडं आणि पूर तुमच्याकडं, असं कसं हो?’ त्या म्हणाल्या, ‘आम्ही तुमच्यातून फुटून निघालो ना, त्याचा राग असेल.’ बरोबरच आहे त्यांचं. १९४९ साली आपला जिल्हा तोडून दक्षिण सातारा केला आणि १९६०मध्ये त्याचंच नाव सांगली झालं. बाई इतिहास शिकवतात शाळेत, बोलण्यात सापडायच्या नाहीत.

पण शाळा आहे म्हणजे रजा नाही. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं निघायचं, कराडवरून रात्रीपर्यंत इथं, रविवारी संध्याकाळी परत. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून, २०२३पासून हो, निदान खर्चाचा हिशेब करायला लागत नाही. येताना भडंगाची पिशवी, अळिवाचे लाडू आणि एवढाल्या सूचना. सोमवार ते शनिवार घरात कोण? सासूबाई, ज्यांचे गुडघे गेल्या वर्षीपासून जिना चढत नाहीत. सासरे, ज्यांना बाळाचं रडणं ऐकू येत नाही आणि चहाची हाक मात्र येते. नवरा एमआयडीसीत, शिफ्टला. माणसं मोजली तर घर भरलेलं आहे. बाळ उचलून फेऱ्या मारायला रात्री दोन वाजता हात मोजले, तर तिचेच दोन.

आणि पथ्यं सगळी शाबूत! गार पाणी नको. पंखा नको. डोक्याला बांध. कानात कापूस घाल. फ्लॉवर नको, हरभरा डाळ नको, बाळाला वात होईल. वाकू नकोस, फोन बघू नकोस, डोळे जातील. सांगलीची आई म्हणते बाजरीची भाकरी खा, साताऱ्याची सासू म्हणते बाजरी उष्ण, ज्वारीची खा. पोरगी एक दिवस मला म्हणाली, ‘काकू, दोघी मिळून ठरवा आणि मला करून वाढा. मी दगडसुद्धा खाईन.’

मी हसले, पण रात्रभर डोक्यात तेच. अहो, आपल्या वेळची ही सगळी पथ्यं कशावर चालायची? बाळंतिणीची खोली होती. सव्वा महिना तिनं उठायचं नाही म्हणजे नाही. तिच्या पोटाला पट्टा कुणीतरी बांधायचं, खाटेखाली शेगडी कुणीतरी ठेवायचं, ओवा-वावडिंगाची धुरी कुणीतरी द्यायचं, बाळाची दुपटी कुणीतरी धुवायचं. वाकू नकोस असं म्हणणारी बाई स्वतः वाकत होती. आता म्हणणाऱ्या आहेत, वाकणारी कुणी नाही. पथ्य तेवढं राहिलं आणि त्यामागचं माणूस निघून गेलं.

नाही, नाही, जुनं सगळं सोनं असं मी म्हणत नाही. माझ्या बाळंतपणात सगळं करायला होती ती आमची आत्या. लहानपणी विधवा झालेली, भावाच्या घरी राहणारी. आम्हा सहा जणींची बाळंतपणं तिनं काढली. तिचं दुखलं-खुपलं कुणी विचारलं? ‘घरात बाई आहे’ म्हणायचे, म्हणजे फुकट बाई आहे. ती सोय परत यावी असं मला अजिबात वाटत नाही. पण ती गेली, तिच्या जागी काही आणलं नाही, आणि नियम मात्र तिच्याच काळचे लावतो. एवढंच माझं म्हणणं.

नाही म्हणायला न्हाऊ घालायला मावशी येतात, करंज्याच्या. पहिल्या दिवशी सुनेनं डॉक्टरांनी सांगितलेलं वाचून दाखवलं, नाकात-कानात तेल घालायचं नाही. मावशी म्हणाल्या, ‘आवं ताई, तुमच्या डाक्टरलाबी म्याच न्हाऊ घातलं आसंल. बगा की इचारून.’ पण ऐकलं हो. आता नाक-कान सोडून बाकी सगळं करतात, आणि त्या बाळाला पायांवर घेऊन शेकवतात ती अर्धी घटका सुनेला झोप मिळते. तिची दिवसातली एकमेव सलग झोप. मावशींना एक दिवस ताप आला तर घरात सुतक असल्यासारखं वाटलं, असं सासूबाईच म्हणाल्या.

बरं, पाहुणे! हे तुम्ही मिस केलंत. बाळ ऑगस्टात, म्हणजे पुढं सप्टेंबर, म्हणजे कास. अहो, साताऱ्यात ज्याचं घर आहे त्याला सप्टेंबरात नातेवाईक किती असतात हे नव्यानं कळतं. ते पठार २०१२ला जागतिक वारसा यादीत गेलं आणि आपल्या बाथरूमबाहेर रांगा लागल्या. यंदा यांच्याकडं दुप्पट. ‘फुलं बघायला आलोच होतो, म्हटलं बाळही बघून जावं.’ सांगलीची, इचलकरंजीची, पुण्याची, कुणाचा कोण आतेमामेभाऊ, त्याची बायको, तिची मैत्रीण. चिखलाच्या चपला दारात, हात न धुता थेट पाळण्यात. ‘कुणावर गेलीय?’ ‘रंग बापाचा नाही आला.’ ‘एवढीशीच का? आमची तर या वयात मान धरत होती.’ मग चहा. बाळंतिणीनं उठून केलेला चहा, हे लक्षात घ्या. एका रविवारी मी भिंतीवरून बघितलं, ही उभ्या उभ्या पोहे परततेय आणि खांद्यावर बाळ. मी ओरडले, ‘अगं, आत जा, मी आले!’ तर पाहुणीच आतून म्हणते, ‘असू दे हो, तिला तेवढीच जरा हालचाल.’ कासच्या एवढ्याएवढ्याशा सोनकीला सुद्धा मध्यंतरी कुंपण घातलं होतं. बाळाला कुंपण नाही.

एकाही पाहुण्यानं येताना पोळीभाजीचा डबा आणला असेल तर शपथ. झबली, झबली आणि झबली. सगळी तीन महिन्यांच्या मापाची, बिचारीला आता होत नाहीत.

आणि त्या महिन्यात ऊन कुठलं? यवतेश्वरावर ढग बसले की बसले. लंगोट वाळेनात. गॅलरीत दोऱ्या, पंख्याखाली दोऱ्या, सासऱ्यांच्या आरामखुर्चीच्या पाठीवर दुपटी. रात्री अकराला इस्त्रीनं लंगोट वाळवायचे. तयार डायपर लावते म्हटली तर सासूबाई म्हणतात पुरळ येतं, आणि किंमत बघितली की नवरा म्हणतो रात्रीपुरतंच लाव. नवरा वाईट नाही, मघाशी म्हटलंच. रात्री शिफ्ट नसेल तर लंगोट बदलतो. एकदा बदलला तेव्हा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली ३२ अंगठे, आत्यांची फुलं, ‘किती गुणी मुलगा’. सुनेनं मला दाखवलं आणि म्हणाली, ‘काकू, त्याच दिवशी मी किती बदलले ते कुणी विचारा.’ मी म्हटलं, ‘तुझेही फोटो टाक.’ म्हणाली, ‘एका हातानं काढायचा कसा?’

घुटीवरून तर महाभारत. तिची आई सांगलीहून सहाण घेऊन आली आणि पुडीत मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा, जायफळ, आणि हळकुंड तर विचारूच नका. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून त्या बाई हळकुंड असं काढतात जणू दागिनाच. सासूबाई एरवी विहिणीचं काही पटवून घेत नाहीत, पण घुटीला दोघी एक. दोन वळसे याचे, तीन वळसे त्याचे, बाळाचं पोट साफ राहतं, आम्ही वाढलो ना त्याच्यावर. इकडं मुलांचे डॉक्टर म्हणतात, सहा महिने आईचं दूध, बाकी थेंबभर पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते, आपलं सरकारही तेच सांगतं. मधे सून. आईचं ऐकलं तर डॉक्टर रागावणार, डॉक्टरांचं ऐकलं तर दोन आज्या जेवणार नाहीत.

सोडवलं कुणी, तर आपल्या कोपऱ्यावरच्या सिस्टरनी. सरकारी दवाखान्यात नोकरी झाली ना त्यांची, आवाजच तसा आहे. दोघींना समोर बसवलं आणि म्हणाल्या, ‘सहाण कुणी किती स्वच्छ धुतली ते मला दाखवा. पाणी किती उकळलं दाखवा. त्या मुळ्या कुठल्या दुकानात किती वर्षं पडल्या होत्या ते सांगा. जुलाब घुटीनं बरे होतात म्हणता, लागतात कशानं ते मी चाळीस बाळांच्या वॉर्डात बघितलंय.’ सहाण आता कपाटावर आहे. सांगलीच्या बाईंनी फक्त एवढंच विचारलं, ‘मग सातव्या महिन्यात चालेल ना?’ सिस्टर म्हणाल्या, ‘सातव्या महिन्यात वरणभात द्या. भाजीला ती हळद घाला की, हवी तेवढी.’

आणखी एक. ‘दूध पुरतं का गं?’ हा प्रश्न या पोरीला कचरागाडीवाल्यानं सोडून सगळ्यांनी विचारला. बाळ रडलं की दूध पुरत नाही. बाळ झोपलं की अशक्तपणानं झोपलंय, दूध पुरत नाही. समोरच्या वहिनींनी डब्याची पावडरसुद्धा सुचवली. संध्याकाळी सहा ते नऊ ती चिमुरडी रडायची, दीड महिन्याची असताना तर विचारू नका, माझ्या घरी टीव्हीचा आवाज वाढवायला लागायचा. पोरीला खात्रीच झाली, आपल्यातच काही कमी आहे. सिस्टरनी तिला सांगितलं, ‘दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात ना? वजन वाढतंय ना? मग पुरतंय. संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत आपोआप सुटतं. दोष तुझा नाही, दुधाचा नाही, आणि फ्लॉवरचा तर नाहीच नाही.’ त्या रात्री तिनं फ्लॉवरची भाजी खाल्ली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, बाळाला काही झालं नाही.

नोकरी? सोडली की. सोडली म्हणजे सुटली. एका छोट्या ऑफिसात हिशेब लिहायची, सगळी मिळून सात-आठ माणसं. तुम्ही म्हणाल, २६ आठवडे पगारी रजा असते ना आता? असते. १९६१च्या कायद्यात २०१७ला दुरुस्ती होऊन १२चे २६ आठवडे झाले, पण दुकानं-ऑफिसं धरलीत तर तिथं दहा माणसं लागतात. आणि पाळणाघर हवं तर पन्नास. सातव्या-आठव्या माणसाला मुलं होत नाहीत असं धरलं असावं त्यांनी. मालक भला माणूस, म्हणाला, ‘ताई, आधी बाळाचं बघा, मग बघू.’ त्या ‘मग बघू’नंतर दुसरी मुलगी बसली खुर्चीवर.

तर आता ती ‘घरीच असते’. नवऱ्याचे मित्र विचारतात, वहिनी काय करतात? घरीच असतात. गॅसवाला येणार आहे? वहिनी घरीच आहेत. सासऱ्यांची गोळी, शेजारच्यांचं पार्सल, नणंदेच्या मुलाचा प्रोजेक्ट, सगळं ‘तू घरीच असतेस ना’. मी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते हे तुम्हाला माहितीय. सरकारनं २०२४ साली पाहणी केली, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बायका रोज २८९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ८८. घरातल्यांची काळजी घेण्यात बायका १३७, पुरुष ७५. आणि गंमत ऐका, ही ८८ मिनिटं जे पुरुष काही करतात त्यांची सरासरी. जे ताटसुद्धा उचलत नाहीत ते त्यात धरलेलेच नाहीत! मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, ‘८८? कोण आहेत हे लोक?’

कागदावर मात्र तिची बढती झाली हो. मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी बाळाचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव, असा आपल्या राज्याचा नियम झालाय. सासूबाई म्हणाल्या, ‘मधे आईचं कशाला, नाव लांबतं.’ सुनेनं पहिल्यांदा तोंड उघडलं, ‘आई, मी तीन महिने एक रात्र झोपले नाहीये. लांबू द्या.’ मला भिंतीअलीकडं ऐकू आलं. मी पातेलं खाली ठेवून टाळी वाजवली.

आता जरा इकडं सरका, हे हळू सांगते. सप्टेंबरच्या शेवटी ती रडायची. बाळ नव्हे, ती. कपडे वाळत घालता घालता. मी विचारलं तर म्हणे, ‘काही नाही काकू, झोप नाही झाली.’ सासूबाईंना विचारलं तर, ‘आजकालच्या मुलींना सोसत नाही.’ सांगलीची आई म्हणाली, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. तिला एक दिवस मी म्हटलं, ‘बाळ बघून बरं वाटत असेल ना?’ तर माझ्याकडं नुसती बघत राहिली. म्हणाली, ‘काकू, कधी कधी वाटतं दार ओढून घ्यावं आणि पोवई नाक्यापर्यंत चालत जावं. परत येईन, पण जावं.’ मला नाही आवडलं ते ऐकून. सिस्टरकडं गेले.

सिस्टर म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात रडू येतं ते पुष्कळ जणींना येतं, दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्याच्या पुढं चाललं तर थकवा म्हणून सोडून द्यायचं नाही. त्यांना ट्रेनिंगला सांगितलं होतं, गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयातल्या बायकांचा अभ्यास केला, २००२मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरात २३ जणी नैराश्यात होत्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही तशाच. म्हणजे आपल्या गल्लीत चार बाळंतिणी असतील तर एक. घरात पैशाची ओढ, नवऱ्याशी न पटणं, मारझोड, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, यानं ते वाढतं. आता यांच्याकडं मारझोड नाही, पेढेही वाटले. पण ‘पुढच्या वेळी मुलगा’ हे वाक्य सासऱ्यांनी, वहिनींनी, मावशींनी, सगळ्यांनी म्हणून झालं होतं. ऐकू न येणाऱ्या माणसालासुद्धा ते बोलता येतं.

तर सिस्टर तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. त्यांनी दहा साधे प्रश्न विचारले, झोप येते का, हसू येतं का, उगाच भीती वाटते का, असले. रक्त तपासलं, तर ते चांगलंच कमी. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात, हिनं पोट जड होतं म्हणून बंद केल्या होत्या, आणि घरात सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनावर. गोळ्या परत सुरू झाल्या. महिनाभर दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंशी बोलायला जायची. सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे ना, १४४१६, तो सिस्टरनी फ्रिजवर चिकटवलाय. आता बरीय. एकदम फुलासारखी वगैरे नाही, पण भांडते. भांडते म्हणजे बरीय.

आशाताई सहा वेळा येऊन गेल्या हं, ते खरं. बेचाळीस दिवसांत सहा भेटी असतात, बाळाचं वजन, ताप, नाळ, सगळं बघतात. हे घरी जाऊन बाळ बघण्याचं काम गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना शिकवून करून दाखवलं, १९९९ला ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे आकडे छापून आले, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते, आणि मग देशभर गेलं. आपल्या आज्यांचा सव्वा महिना आणि सरकारचे बेचाळीस दिवस, फारसा फरक नाही बघा. पण आशाताई अर्धा तास येतात आणि त्यांना पुढची घरं असतात. पोळ्या त्यांनी लाटायच्या का?

कोजागरीची गोष्ट सांगायची राहिली. आम्ही सगळे गच्चीवर, मसाला दूध, अजिंक्यताऱ्यावर चांदणं. देशपांडे काका दरवर्षीप्रमाणं हिरकणीची गोष्ट सांगायला लागले. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ही गवळण कोजागरीच्याच रात्री कडा उतरून गेली, महाराजांनी साडीचोळी दिली, बुरूज बांधला. दंतकथा असली तरी अंगावर काटा येतोच. सगळ्यांनी माना डोलावल्या, ‘आई ती आई.’ आणि खाली खिडकीत दिवा. सून बाळाला घेऊन बसलेली, संध्याकाळपासून एक घास पोटात नाही. मी काकांना विचारलं, ‘काका, ती कडा उतरेपर्यंत बाळाजवळ कोण होतं?’ काका गोंधळले. ‘कोण म्हणजे... असेल की कुणीतरी.’ तेच तर! त्या कुणीतरीला बुरूज नाही, पण तो नसता तर हिरकणी दूध विकायला गडावर गेलीच नसती. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष केलेत, चांगलं आहे, सांगलीला जाताना तिला उपयोग झाला. पण बुरूज बघायला सगळे, बाळाजवळ बसायला कुणी नाही, हे मला त्या रात्री फार लागलं. मी दुधाचा पेला घेऊन खाली गेले. ती जेवली, मी बाळ घेतलं. बाळानं माझ्या नव्या साडीवर दूध काढलं, ते जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी मी ‘कालनिर्णय’च्या मागं तक्ता केला. दुपारी तीन ते पाच, एकेक जण. सोमवार मी. मंगळवार सिस्टर. गुरुवारी समोरच्या वहिनी, हो हो, त्याच, जिलबीवाल्या. त्यांना एकच अट घातलीय, ‘पुढच्या वेळी’ हे शब्द काढायचे नाहीत. शुक्रवारी देशपांडे काका! हसताय काय, त्यांच्या कुशीत ती जशी झोपते तशी कुणाच्याच नाही, ते अफझलखानाचा वध सांगतात आणि ती घोरते. शनिवारी रात्री आल्यावर आणि रविवारी दुपारी तिची आई. ते दोन तास सुनेनं काय करायचं ते तिचं ती ठरवेल. पहिल्या आठवड्यात नुसती झोपली. दुसऱ्या आठवड्यात डोक्यावरून न्हायली, केस वाळवले, आणि आता लॅपटॉप उघडते. घरून कुणाकुणाचे जीएसटीचे कागद भरून देते म्हणे, दोन गिऱ्हाइकं झालीत. सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, लोक काय म्हणतील, बाळ शेजाऱ्यांकडं? मग परवा स्वतःच मला म्हणाल्या, ‘शुक्रवारी काका येतात तेव्हा मी जरा मारुतीला जाऊन येते.’ म्हणजे त्यांनाही दोन तास हवेच होते की.

बुधवार मोकळा आहे. आमच्या ह्यांचं नाव लिहिलं होतं, पण त्यांना बाळ धरता येत नाही, ते बाळाला पेपरसारखं धरतात. तुमचं नाव लिहू? लिहितेच. येताना हात धुऊन या, तुमच्या बांगड्या काढून या, टोचतात. दूध पुरतं का विचारू नका. पोळ्या जास्तीच्या झाल्या तर चार आणा. आणि त्या पुण्याच्या सुनेनं, म्हणजे तुमच्या हो, डोहाळजेवणाला फोटोवाला बोलावला होता ना? कितवा महिना आता? सातवा! मग पुण्यात तुमच्या शेजारी कोण राहतं ते आधी नीट सांगा बघू.